दोनशे काळ्या चौकटी

अंकलना फोन केला की पलीकडून 'हॅलो' यायचं नाही, 'काय झालं?' असं यायचं. मंगळवारी गोडाऊनला येते आहे, एवढंच सांगायला मी फोन केलेला असायचा. तेवढं सांगून होईपर्यंत त्यांचा अडकलेला श्वास ऐकू यायचा आणि सांगून झालं की सुटलेलाही. मग म्हणायचे, "एवढंच ना? बरं बरं. मेसेज करायचा ना, बाय. फोन वाजला की पोटात गोळा येतो माझ्या."

ते वसईचे. मी कंपनीत लागले तेव्हा त्यांना तिथे वीसएक वर्षं झाली होती. जपानहून कॉमिक्स, बाहुल्या, पोस्टर्स आणि गाण्यांच्या सीडी मागवायच्या आणि इथल्या दुकानांना पुरवायच्या, हा आमच्या कंपनीचा धंदा. ऑफिस बर दुबईत दोन खोल्यांचं आणि गोडाऊन पार उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात. कॉलेज संपवून मी नुकतीच चिकटले होते. ऑर्डरी आणि कॅटलॉग माझ्याकडे. आठवड्यातून दोनदा कंपनीची व्हॅन मला गोडाऊनला नेऊन सोडायची आणि दुपारी परत आणायची. तिथे कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये अंकल बसलेले असत. त्यांच्या खिशात पेन नसायचंच, दोन काळे मार्कर असायचे.

गल्फमध्ये वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला त्या मार्करविषयी वेगळं सांगायला नको. लहानपणी अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये परदेशी मासिकं यायची, त्यांतल्या बायकांच्या उघड्या दंडांवर आणि पाठींवर काळे पट्टे असायचे. मी आणि माझा भाऊ ते पान ट्यूबलाइटसमोर धरून खालचं काही दिसतं का बघायचो. हे पट्टे कोणीतरी माणूस एकेक करून हाताने मारत असेल, असं मात्र कधी डोक्यातही आलं नव्हतं. पहिल्याच नोकरीत तो माणूस भेटला, आणि तो दुपारी डब्यात बोंबलाचं सुकं आणत होता.

ते सुकंही ते गाडीत बसून, काचा बंद करून, एसी लावून खायचे. गोडाऊनमध्ये वास सुटेल, कोणी तक्रार करेल, तक्रार मॅनेजरकडे जाईल, ही भीती. मी मासे खाते हे कळल्यावर एकदा मलाही गाडीत बसवून वाढलं. बोंबील अप्रतिम होते. पण शेजारून कोणी गेलं की अंकल डबा मांडीवरून पायाशी न्यायचे आणि स्टिअरिंगवर हात ठेवून निघायच्या तयारीत असल्यासारखे बसायचे.

"अंकल, जेवणच आहे हो," मी म्हटलं.

"जेवणच आहे. पण विचारलं तर?"

'विचारलं तर?' हा त्यांच्या सगळ्या बोलण्याचा शेवट होता. ओळखपत्राच्या प्रती त्यांनी तीन ठिकाणी ठेवल्या होत्या, पाकिटात, गाडीत आणि डाव्या मोज्यात. सकाळी घरातून निघताना गॅसच्या बटणाचा फोटो काढायचे आणि दुपारी तो उघडून बघायचे. एकदा ऑगस्टमध्ये, भर दुपारी, चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावर त्यांनी मला सिग्नल हिरवा होईपर्यंत उभं ठेवलं. डांबर वितळायच्या बेतात आलं होतं. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत एक गाडी नव्हती. मी म्हटलं, "यल्ला अंकल, चला ना, कोणी बघत नाहीये." त्यांनी मान वर करून सिग्नलच्या खांबाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "असं मोठ्याने नाही बोलायचं."

मी त्यांची नक्कल करायचे, हे सांगितलंच पाहिजे. ऑफिसात चहाच्या वेळी मी 'काय झालं?' असं दबक्या आवाजात म्हणून छातीवर हात ठेवायचे आणि सगळे खो खो हसायचे. मॅनेजरही हसायचे. माझ्या विनोदबुद्धीबद्दल मला बराच गर्व होता त्या दिवसांत.

त्यांची काम करण्याची पद्धत मात्र हसण्यासारखी नव्हती. चित्र समोर घ्यायचं, पेन्सिलीने चार बारीक टिंबं काढायची, स्टीलची पट्टी लावायची, पहिला हात उभा, दुसरा आडवा. मग पाच मिनिटं पंख्याखाली. मग मागून टॉर्च. खालचं काही दिसलं तर तिसरा हात. कडा अशा सरळ यायच्या की छापल्यासारख्या वाटाव्यात. मी एकदा विचारलं, नुसतं गिरवून टाकलं तर काय बिघडेल?

"खरडलं की माणूस खाली काय आहे ते बघायला जातो. सरळ चौकट असली की नाही बघत. त्याला वाटतं, ऑफिसचं काहीतरी आहे."

गाण्याच्या सीडीसुद्धा ते तपासत. जपानी भाषेचा एक शब्द त्यांना येत नव्हता, तरी कानाला हेडफोन लावून प्रत्येक सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे आणि एका जाड रजिस्टरमध्ये लिहायचे. त्यात चित्र, आवाज आणि धोका असे तीन रकाने होते. मी ते चोरून वाचायचे. 'ओरडतात, पण एकमेकांवर नाही.' 'ढोल जास्त. देवाचं नाव ऐकू आलं नाही.' 'मुलगी रडते. कारण कळलं नाही. चालेल.' वसईला असताना ते चर्चच्या क्वायरमध्ये गायचे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मला ते रजिस्टर म्हणजे विनोदाचं पुस्तक वाटायचं.

आता त्या मिनी अल्बमकडे येते. मिनी अल्बम म्हणजे धड अल्बम नाही आणि धड एक गाणंही नाही, सहा गाणी, वीस-बावीस मिनिटं. बँड जपानमधल्या एका किनाऱ्यावरच्या गावातला, चौघांचा. मी शाळेपासून त्यांच्यामागे वेडी होते, आणि माझ्यासारखे वेडे जगभरात मिळून एका बसमध्ये मावतील अशी स्थिती होती. त्यांची रेकॉर्ड कंपनी त्यांना कंटाळली होती. सहा गाण्यांपुरतं करा आणि निरोप घ्या, असं ठरलं होतं. बंद पडलेल्या सार्वजनिक जलतरण तलावाच्या इमारतीत त्यांनी ती सहा गाणी रेकॉर्ड केली. मुखपृष्ठावर तोच तलाव होता. समुद्री हिरवं पाणी, उडी मारायची फळी, आणि फळीच्या टोकाला बँडची बास गिटार वाजवणारी बाई, पोहण्याच्या कपड्यात, पाठमोरी. तिच्या उभं राहण्यात काहीतरी असं होतं की ती उडी मारणार की परत फिरणार, हे कळत नव्हतं.

त्या हिरव्या रंगाची नेलपॉलिश आम्ही चाहत्या लावायचो, एवढीच आमची ओळखीची खूण. अंकलनी ती पहिल्याच आठवड्यात बघितली होती. "बाय, हा रंग लांबून दिसतो हं," असं काळजीने म्हणाले होते.

मॅनेजरच्या मागे लागून, हातापाया पडून मी त्या सीडीच्या दोनशे प्रती मागवल्या. खोकी आली तेव्हा मी मुद्दाम व्हॅनने गेले. अंकल आधीच बसले होते. चार टिंबं, पट्टी, उभा हात, आडवा हात. माझी लाडकी बासिस्ट दोनशे वेळा नाहीशी होत होती.

"अंकल! ती त्या बँडमध्ये वाजवते. तीच तर मेन आहे."

"असू दे की. वाजवू दे. झाकली म्हणून थंडी नाही वाजणार तिला," ते पट्टीवरून नजर न काढता म्हणाले. मग हात थांबला. "बाय, हे लोक घाबरलेत गं."

"कोण?"

"हे गाणारे. शेवटचं असल्यासारखं वाजवतात. चौथं गाणं ऐक. सगळं थांबल्यावर कोणीतरी श्वास घेतं आणि खुर्ची करकरते. काढायचं राहिलं असेल. मी तीनदा ऐकलं."

हा बँडचा शेवटचा अल्बम आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण ऐकायला कोणाला वेळ होता? रजिस्टरमध्ये त्या दिवशीची नोंद मी वाचली. धोक्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'नाही. पण भीती वाटते.'

त्या नोंदीवर मी थोडा वेळ गप्प बसायला हवं होतं. तसं न करता मी चौकट मारलेली एक प्रत डाव्या हातात धरली, उजव्या हाताने फोटो काढला आणि बँडची चाहती म्हणून मी चालवत असलेल्या खात्यावर टाकला. त्यावर माझं नाव नव्हतं. खाली इंग्रजीत लिहिलं, 'आमच्याकडे हिने आधीच उडी मारली.' पन्नास जण हसतील, एवढीच अपेक्षा होती.

पुढे काय झालं ते आजही मला नीट उलगडत नाही. त्याच सुमारास कोणीतरी त्या चौथ्या गाण्याचा शेवट, तो श्वास आणि ती खुर्ची, एका छोट्या व्हिडिओला लावला. मग दुसऱ्या कोणी लावला. मग जो तो लावू लागला. निरोपाचा म्हणून काढलेला अल्बम जपानमधल्या दुकानांत संपला, पुन्हा छापला, पुन्हा संपला. अंकलनी तीनदा ऐकलेला श्वास आता सगळं जग ऐकत होतं. आणि त्या लाटेत माझा फोटोही वाहत गेला. बासिस्टने स्वतः तो पुढे पाठवला आणि लिहिलं की मी चौकट झाले, मला आवडलं. काळी चौकट असलेली प्रत कुठे मिळेल, म्हणून परदेशातून विचारणा सुरू झाली. आमच्या दोनशे प्रती आठवडाभरात गेल्या.

मी दीड दिवस हवेत होते.

मग मॅनेजरनी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. ते केरळचे, चार वर्षांपूर्वी आलेले, आवाज न चढवणारे. त्या दिवशीही आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "मॉल में सेम सीडी ओपन बिक रहा है," ते म्हणाले. "किसी ने नहीं बोला काला करने को. फिर हमारा सीडी काला क्यों? पूरा दुनिया पूछ रहा है. अरबाब भी पूछ रहा है." मालकांना इथे अरबाब म्हणतात. ते गुरुवारी गोडाऊनला येणार होते. "और दूसरा बात. गोडाऊन के अंदर फोटो किसने लिया? जिसने भी लिया, वीज़ा कैंसल, खलास."

मी खुर्चीच्या कडेला हात घट्ट धरून बसले होते. डाव्या हाताचा हिरवा अंगठा मला एखाद्या दिव्यासारखा लकाकताना दिसत होता. फोटोच्या कोपऱ्यात तो अंगठा होता. नखासकट, अख्खा.

घरी, डिस्कव्हरी गार्डन्सला, येईपर्यंत मी मेट्रोत बसून खातं पुसून टाकलं. पण फोटो तर आधीच शंभर ठिकाणी पोचला होता. नेलपॉलिश काढायला बसले आणि मध्येच थांबले. एकदम काढली तर कोणाच्या लक्षात येईल. ठेवली तरी येईल. शेवटी हिरव्यावरच लाल रंग चढवला. त्याच्या कडेने हिरवं डोकावत होतं, म्हणून आणखी एक हात. आई म्हणाली, "तुझा तो हिरवा कुठे गेला?" मी म्हटलं, "बोअर झालं." इथे जन्मलेल्या मुलांना घरी एक गोष्ट चमच्याने भरवलेली असते: ऑनलाइन काही टाकताना दहा वेळा विचार करायचा. बाबांच्या नोकरीला सत्तावीस वर्षं झाली होती. माझ्यामुळे त्यांना कोणी बोलावलं तर, इथपर्यंत माझं मन त्या संध्याकाळी जाऊन आलं. फोन वाजला की पोटात गोळा येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी वाजला तो अंकलचा होता. त्यांनी मला आपणहून कधीच फोन केला नव्हता. मी उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "काय झालं?"

"गोडाऊनला येशील, बाय? गाडीत बसून बोलू."

त्यांनी डबा उघडला नव्हता. काचा बंद, एसी चालू, समोर कंपाउंडची पांढरी भिंत. त्या भिंतीकडे बघतच ते बोलले. काळं करा असा शेवटचा निरोप त्यांना अकरा वर्षांपूर्वी आला होता. तो देणारा जुना मॅनेजर केरळला परत गेला. त्याच्या जागी दुसरा आला, मग तिसरा आला. कोणी 'करा' म्हणालं नाही, कोणी 'नको' म्हणालं नाही. दुकानांमध्ये उघडी चित्रं दिसू लागली तशी अंकलनी मॉलमध्ये जाणंच सोडलं.

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर 'आता नको' म्हणाले असते. मग माझं काय काम इथे?" त्यांनी मोज्यावरून हात फिरवला, कागद जागेवर आहे ना बघायला. "पोर तेव्हा पहिलीत होती. आता बारावीला आहे. तिची आई, ती, दोघी माझ्या व्हिसावर. मार्चमध्ये बोर्ड. मधेच उचलून वसईला नेली तर वर्ष जाईल तिचं. मला मार्चपर्यंत हवं आहे, बाय. फक्त मार्चपर्यंत."

तेवढ्यात मुलीचाच फोन आला. स्पीकरवर तिचा आवाज ऐकू आला, "डॅडी, आय ॲम फाइन, व्हाय डू यू कीप कॉलिंग?" त्यांनी दिवसभरात तिला चार मिस्ड कॉल दिले होते. "काही नाही गं, असंच," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग विचारलं, "फोटो कोणी काढला असेल?"

"काय माहीत," मी म्हटलं. माझे दोन्ही हात मांड्यांखाली होते.

"हं," ते म्हणाले, आणि भिंतीकडे बघत राहिले. मला अजून आठवतं, मी मनातून त्यांच्यावरच चिडले होते. अकरा वर्षं मूर्खासारखं कोण असं करत बसतं? स्वतःची चूक असली की माणसाला राग दुसऱ्याचाच येतो, किमान मला तरी येतो.

गुरुवारी अकरा वाजता अरबाब आले. पांढरा शुभ्र, पायघोळ कंदुरा, हातात काठी, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांची हिंदी आमच्या मॅनेजरपेक्षा बरी होती. पॅकिंगच्या लांब टेबलाभोवती आम्ही सहा जण. टेबलावर त्या सीडीचं नवीन खोकं, अजून कोरं, कारण मार्करला हात लावायचा नाही असं अंकलना सांगितलं होतं. त्यांचे हात टेबलावर मोकळे पडले होते आणि काय करावं हे त्या हातांना सुचत नव्हतं.

मॅनेजरना कागदावर आल्याशिवाय कशाचा भरवसा नसे. फोटो त्यांना कोणीतरी फॉरवर्ड केला होता. तो त्यांनी अंकलना पाठवून मोठा, रंगीत प्रिंट काढून आणायला सांगितला होता. अंकलनी फाइल उघडली आणि प्रिंट अरबाबना दिला. त्यांनी बघितला, मान हलवली, पुढे दिला. कागद टेबलाभोवती फिरू लागला. माझ्या आधी तीन माणसं होती. मोबाइलवर दाण्याएवढा दिसणारा अंगठा त्या कागदावर खऱ्या अंगठ्याएवढा असणार होता. नखाचा आकार, कडेला सोललेली कातडी, सगळं. मी लाल नखं मुठीत दाबून बसले होते. मला एकच दिसत होतं, बाबा आणि आई बॅगा भरताहेत.

कागद माझ्या हातात आला.

अंगठा नव्हता. त्या जागी, फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, एक छोटी काळी चौकट होती. कडा सरळ, दोन हात मारलेले.

पलीकडून मॅनेजरनी बोट दाखवलं. "यह कोने में क्या काला किया? मेरे मोबाइल में तो नहीं था."

अंकल उभे राहिले.

"अंगूठा था, सर. स्किन दिख रहा था," ते म्हणाले. "आदत है."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग पॅकिंगवाला फिस्सकन हसला, मग व्हॅनचा ड्रायव्हर, मग मॅनेजर कपाळाला हात लावून हसले, "अरे भगवान, अंगूठा भी!" अरबाबांच्या दाढीतही हसू दिसलं. माणसाचा अंगठा झाकणारा येडा म्हातारा. फोटो कोणी काढला हा प्रश्न त्या हसण्यात वाहून गेला, आणि पुन्हा कोणी उचलला नाही. अंकल मध्ये उभे होते, हात बाजूला सोडून, लाल झालेले.

सगळ्यांबरोबर मीही हसले. मोठ्याने हसले. न हसणं धोक्याचं वाटलं म्हणून.

हसू ओसरल्यावर अरबाबनी विचारलं, "यह काला करने को तुमको कौन बोला?"

आयुष्यभर ज्याला ते घाबरले ते शेवटी झालं होतं. त्यांना कोणीतरी विचारलं होतं. मी बोलायला हवं होतं. 'मी म्हटलं होतं, वेगळं दिसेल म्हणून', एवढं एक वाक्य पुरलं असतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते तिथेच राहिलं.

"कोई नहीं बोला, अरबाब," अंकल म्हणाले. "ग्यारह साल से कोई नहीं बोला. मैं खुद करता था."

"क्यों?"

"डर लगता था."

"किससे? मुझसे?"

अंकलनी एकाच दमात मुलीचं, बारावीचं, मार्चचं सांगून टाकलं. अरबाबनी काठी टेबलाला टेकवली. शेवटी म्हणाले, "मार्च तक रहो. लड़की पास हो जाए, इन्शाल्ला. उसके बाद खलास." मग खोक्याकडे बघून, जरा ओशाळून, "मेरी पोती को एक चाहिए. काला वाला."

अंकल तिथेच बसले. चार टिंबं काढली, पट्टी लावली. बाकीचे आम्ही पाच जण आणि मालक बघत होतो. उजवीकडची रेघ पट्टी सोडून बाहेर गेली आणि बाईचा एक खांदा तसाच राहिला. "दूसरा बनाता हूँ," ते घाबरून म्हणाले. अरबाबनी सीडी हातातून काढून घेतली. "नहीं. यही."

मुलीचा शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात अंकलचं सामान बांधून झालं. मधल्या पाच महिन्यांत ते खोकी मोजायचे, लेबलं लावायचे आणि जेवायला गाडीत जायचे. मी प्रत्येक मंगळवारी ठरवायचे, आज सांगू. त्यांच्याबरोबर गाडीत बसून बोंबील खायचे आणि परत यायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. नखं कोरी होती. "बरं केलंस," एवढंच म्हणाले.

त्यांची नक्कल मी पुन्हा कधी केली नाही, आणि करण्याची गरजही उरली नव्हती. मी आता दुसरीकडे काम करते. निघताना गॅसच्या बटणाचा फोटो काढते. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबते. तो बँड मोडला नाही, आता मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवतो. चौथ्या गाण्याचा शेवट आला की मी घाईने पुढचं गाणं लावते.

गेल्या महिन्यात धीर करून वसईला फोन लावला. पलीकडून स्वच्छ आवाज आला, "हॅलो!" मी इतकी गडबडले की नंबर चुकला असं वाटलं. ते मजेत होते. क्वायरमध्ये परत गाताहेत. मुलगी कॉलेजला जाते, आणि फोन उचलत नाही म्हणून तिची आई काळजी करते, ते नाही.

"अंकल," मी म्हटलं, "तो फोटो मी काढला होता."

मी फोन कानाला आणखी दाबला.

"अंकल? ऐकलंत ना?"

"तुला कोणी विचारलं का, बाय?"

"नाही."

"मग मला काही ऐकू नाही आलं. इथे नेटवर्क नाही, आवाज तुटतोय."

आवाज मुळीच तुटत नव्हता. त्यांच्या अंगणातला कोंबडा आरवलेलाही मला स्पष्ट ऐकू आला. माझ्या त्या एका वाक्यावरही त्यांनी सरळ कडांची चौकट मारली, दोन हात दिले आणि मग बोंबील कसे वाळत घातलेत ते सांगू लागले.

म्हणून इथे लिहिते आहे. अजून मला कोणी विचारलेलं नाही, आणि हे लिहितानाही पोटात गोळा आहेच. तो अंगठा माझा होता.